सालींवरची भाकरी

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक म्हातारी आणि तिचा म्हातारा राहत होते. दारात एक चिंच होती. म्हातारीने ती तांदळाच्या धुवणाचे पाणी घालून वाढवली होती, आणि आता सगळ्या आळीच्या आमटीत तिचीच चिंच पडत असे.

एका वर्षी म्हाताऱ्याचे गुडघे धरले. डोंगरावरून मोळी आणणे बंद झाले. तो शेजारच्या सुताराकडून कुऱ्हाड मागून घेऊन आला.

"चिंच पाडतो. दोन वर्षांचं सरपण होईल."

म्हातारी झाडाला पाठ लावून उभी राहिली. "सुताराच्या मागच्या बाजूला लाकडांच्या सालींचा ढीग पडलाय. मी त्यावर स्वयंपाक करीन."

"सालींवर? अगं, ढोरंसुद्धा तोंड लावत नाहीत त्याला!"

"मी कुठं खायला मागतेय? जाळायलाच हव्यात ना?"

म्हातारा हसला, पण हट्टाला पेटला. "बरं. आठ दिवस दोन्ही वेळची चूल निव्वळ सालींवर चालव. एक भाकरी जरी कच्ची राहिली, तरी चिंच आडवी."

सुतार म्हणाला, "आजी, न्या सगळ्या. माझं अंगण तरी मोकळं होईल."

पहिल्या दिवशी ओल्या सालींनी घरभर धूर केला. म्हातारी डोळे पुसत राहिली, पण भाकरी भाजली. दुसऱ्या दिवशी तिने साली दगडी गडग्यावर उन्हात मांडल्या, आतली बाजू वर करून. चौथ्या दिवशी त्या कडकडीत वाळल्या आणि अशा पेटल्या, की तवा बघता बघता तापला.

सहाव्या दिवशी मात्र चूल रुसली. सातव्या दिवशी जाळ तवा सोडून तोंडाकडेच यायला लागला. भाकरी भाजता भाजता हात दुखून आले. साली तर तशाच वाळलेल्या होत्या! आपणच कुठे चुकलो का, की मुळात आपला हट्टच खोटा, या विचाराने म्हातारीला घास गोड लागेना.

आठव्या दिवसाची संध्याकाळ आली. शेवटचा स्वयंपाक. फुंकणीने फुंकून म्हातारीचा जीव गेला, पण जाळ धरेना. म्हातारा ओसरीवर कुऱ्हाड मांडीवर घेऊन बसला होता.

मागच्या दाराने शेजारीण आली. तिने पदराआडून बाभळीची दोन लाकडे काढली.

"सालींच्या खाली सरकव गं म्हातारे. खाली वाकून कोण बघतंय?"

म्हातारीचा हात पुढे गेला. ओसरीवरून म्हातारा खाकरला. बाहेर चिंचेची पाने मिटायला लागली होती.

तिने हात मागे घेतला. "या दोन लाकडांनी आजची भाकरी भाजेल. उद्या काय करू? साल का रुसली, ते मला कळायलाच हवं."

"मग चिंच गेली म्हणून समज," शेजारीण म्हणाली आणि लाकडे घेऊन निघून गेली.

म्हातारीने धुमसत्या साली चिमट्याने बाहेर काढल्या, वर परात झाकली, आणि चुलीत वाकून बघितले. रोज सकाळी ती वरची ओंजळभर राख ओढायची. लाकडाला तेवढे पुरे होते. पण सालींना माती चिकटलेली, वाळू चिकटलेली. ती सगळी तळाशी बसून घट्ट झाली होती. चूल अर्धीअधिक भरली होती. वारा जाणार कुठून?

तिने खुरपे घेतले आणि खरवडायला लागली. एक टोपली भरली. दुसरी भरली.

"काय चाललंय आत?" म्हातारा ओरडला. "भूक लागली!"

"बसा गप. चूल श्वास घेतेय."

मग तिने साली पुन्हा रचल्या आणि एकदाच फुंकर मारली. जाळ उभा राहिला. तव्यावरची भाकरी आचेला लावताच टम्म फुगली.

म्हाताऱ्याने ती मोडली. वाफेने बोट पोळले, तसा तो म्हणाला, "पोळलं! भाजलीये."

जेवण झाल्यावर तो लंगडत उठला. "कुऱ्हाड देऊन येतो सुताराची. आणि राख रोज मी काढत जाईन. बसल्या बसल्या होईल तेवढं काम."

राखेच्या दोन्ही टोपल्या त्याने चिंचेच्या आळ्यात रित्या केल्या.

तात्पर्य म्हणाल तर एवढेच: टाकाऊ म्हटलेली वस्तूही घर चालवते, पण ती आपले जास्तीचे कष्ट मागते, आणि काम अडले की चोरून दुसरे लाकूड सरकवण्याआधी आपल्याच चुलीत वाकून बघावे.