फळीवरचे तीन दिवस

एकदा एका तालुक्याच्या गावी रेडिओ दुरुस्त करणारे एक मास्तर राहत होते. ‘एकदा’ म्हटल्यावर तुम्ही राजा आणि अरण्य शोधू लागाल, म्हणून आधीच सांगतो, ही गोष्ट अगदी अलीकडची आहे. गावात मोबाइलचे तीन टॉवर उभे होते आणि रेडिओ दुरुस्तीला टाकणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. ज्ञानी पुरुष आश्रमातच भेटला पाहिजे असा आपला एक हट्ट असतो. मला मात्र तो बसस्थानकामागच्या आठ बाय दहाच्या दुकानात, तारा जोडायला डाग देण्याच्या, म्हणजे सोल्डरिंगच्या, गरम कांडीचा धूर चुकवत बसलेला भेटला.

त्या दुकानात भिंतीला एक लांब फळी होती. दुरुस्त झालेला प्रत्येक सेट तिच्यावर ठेवायचा, चालू करायचा आणि दुकान उघडे असेपर्यंत वाजत ठेवायचा. असे तीन दिवस. मगच तो मालकाच्या हाती पडे. गिऱ्हाईक कासावीस होई. “मास्तर, वाजतोय की आता!” “वाजतोय,” मास्तर म्हणत, “पण अजून फळीवर आहे.” एकदा भजनी मंडळाच्या अध्यक्षांनी ॲम्प्लिफायरसाठी दुकानात ठिय्या दिला होता, कारण दुसऱ्या दिवशी सप्ताह बसायचा होता. मास्तरांनी त्यांना स्वतःचा जुना ॲम्प्लिफायर वापरायला दिला, पण फळीवरचा दिला नाही.

याच दुकानात एक शिष्य सहा वर्षे शिकला. त्याचा हात चांगला, डोके त्याहून चांगले आणि जीभ दोन्हींच्या पुढे. रेडिओचे काम आटले तेव्हा मास्तरांनीच त्याला मोबाइल दुरुस्तीचे दुकान काढून दिले. तिथे त्याला एक नवाच नाद लागला. नवा फोन, नवे घड्याळ, नवे ॲप, अमक्या कंपनीने तमके केले अशी कुठलीही बातमी आली की हा कॅमेऱ्यासमोर उभा राहून आपले मत ठोकून देई. चॅनेलचे नाव ‘तासाभरात निकाल’. घ्या नाहीतर फेका, मधले काही नाही. वस्तू अजून परदेशातल्या कुठल्या गोदामात असायची आणि याने तिचा निकाल लावलेला असायचा.

तीस हजार माणसे ते पाहत. खरे सांगायचे तर मीही पाहत असे. समोरचा माणूस ठाम बोलत असला की आपले विचार करण्याचे कष्ट वाचतात, आणि कष्ट वाचवणारा माणूस आपल्याला आवडतोच.

एके सकाळी मास्तर शटर वर करत होते, तोच शिष्य आला. चेहरा पांढराफटक, शर्टाच्या गुंड्या खालीवर लागलेल्या. हातातला फोन धरवत नव्हता आणि खाली ठेववतही नव्हता.

“मास्तर, घात झाला माझ्या हातून.”

“आत ये. पाणी पी. मग सांग.”

पेला त्याने तसाच बाजूला ठेवला. मग तो सांगू लागला.

मधुमेह असलेल्या मुलांच्या दंडावर एक नाण्याएवढे यंत्र चिकटवतात. ते शरीरातल्या साखरेचा अंदाज घेत राहते आणि आकडा आईवडिलांच्या फोनवर दाखवते. साखर धोक्याइतकी उतरली की फोनवर अलार्म वाजतो. पंधरा दिवसांपूर्वी त्या यंत्राच्या ॲपचे नवे अपडेट आले. त्याने बॅटरी लवकर संपते, अशी परदेशातल्या काही लोकांची तक्रार बातमीत होती. शिष्याने मथळा वाचला आणि तासाभरात निकाल दिला: हात लावू नका, जुनेच ठेवा, ही कंपनी तुमची बॅटरीही खाणार आणि तुमची माहितीही.

“आणि बातमीच्या शेवटी एक ओळ होती, मास्तर. काही फोनवर अलार्म वाजत नव्हता, तो दोष या अपडेटमध्ये काढलाय म्हणून. ती ओळ मी वाचलीच नाही. ते यंत्र मी आजवर डोळ्यांनी पाहिलेलं नाही.”

फळीवरचे सेट चालू करत असलेले मास्तर त्याच्याकडे वळले.

“दूध संकलन केंद्रातले उत्तम शेलार आहेत ना, त्यांच्या शर्वरीच्या दंडावर ते यंत्र आहे. नऊ वर्षांची पोरगी. काल शाळेत खेळाच्या तासाला साखर उतरली. शेलारांच्या फोनवर अलार्म वाजलाच नाही. पोरगी मैदानात कोसळली, बाईंनी तशीच उचलून दवाखान्यात नेली. आणि आज पहाटे हा मेसेज आलाय.”

त्याने फोन पुढे केला. मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. मेसेज असा होता: ‘दादा, तुमचं ऐकून अपडेट केलं नव्हतं. काल अलार्म वाजला नाही. शर्वरी दवाखान्यात आहे, अजून गुंगीत आहे. आता तरी करू का?’

मास्तरांनी तो दोनदा वाचला.

“शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं,” शिष्य म्हणाला. “हा माणूस अजून मलाच विचारतोय.”

“तू काय उत्तर दिलंस?”

“काहीच नाही. पण मी आता नवा व्हिडिओ करतो. आत्ताच्या आत्ता. ‘सगळ्यांनी ताबडतोब अपडेट करा, एक मिनिटही थांबू नका’ म्हणून सांगतो. अजून कुणाकुणाच्या घरी हे यंत्र असेल, कुणी कुणी माझं ऐकलं असेल, मास्तर, मला तर विचारच करवत नाही.” असे म्हणत त्याने फोन चेहऱ्यासमोर धरलासुद्धा.

तेव्हा मास्तरांनी एक विचित्र गोष्ट केली. त्यांनी शिष्याच्या हातातून फोन काढून घेतला, फळीवर दोन रेडिओंच्या मधोमध ठेवला आणि आपल्या स्टुलावर बसून कांडी गरम करायला लावली.

“मास्तर!”

“बस तिथे.”

शिष्य बसला, पण बसला म्हणायचे इतकेच. फळीवर फोन गुरगुरला की तो उठे आणि मास्तरांच्या पाठीकडे पाहून पुन्हा खाली टेके. तो मेसेज शेलारांचा असेल का, आणि असेल तर त्यात काय लिहिले असेल, हे तिथून वाचता येत नव्हते. एका माणसाचे मूल दवाखान्यात पडले आहे, तो माणूस उत्तराची वाट पाहतो आहे आणि आपण इथे रेडिओवरचे शेतीविषयक सल्ले ऐकत बसलो आहोत, हे त्याला सहन होईना. तुम्हालाही झाले नसते.

तेवढ्यात अंगणवाडीच्या ताई आपला रेडिओ न्यायला आल्या. फळीकडे पाहून म्हणाल्या, “हाच ना माझा? छान वाजतोय की.”

“वाजतोय. उद्या या.”

“परवाही तुम्ही हेच म्हणालात. मला गाणी ऐकायचीत हो मास्तर, त्याचं लग्न नाही जमवायचं!”

“थंड असताना सगळेच सेट छान वाजतात, ताई. तापल्यावर काय करतो ते बघू द्या.”

ताई पुटपुटत गेल्या. शिष्य मात्र आता उभाच राहिला. “मला कळलं तुम्ही काय सांगताय ते. पण इथे पोरीचा जीव धोक्यात आहे, आणि तुम्ही मला तीन दिवस बसवणार?”

यावर मास्तर उठले, त्यांनी फळीवरून फोन काढला आणि त्याच्या हातात ठेवला. जेमतेम दहा मिनिटे झाली होती. ज्या फळीवरून खेळण्यातला साधा रेडिओही तीन दिवसांआधी उतरला नव्हता, तिथून फोन दहा मिनिटांत उतरला. शिष्य बघतच राहिला.

मास्तर म्हणाले, “फोन फळीवर ठेवला तो तुझा हात थांबावा म्हणून. पंधरा दिवसांपूर्वी तू तोऱ्यात निकाल दिलास, आज भीतीनं देणार होतास. तेव्हा सगळ्यांना ‘हात लावू नका’, आता सगळ्यांना ‘ताबडतोब करा’. त्या ॲपला आत्तापर्यंत तरी हात लावलायस का?”

“नाही.”

“मग दोन्ही डाग कच्चेच. कच्चा डाग थंड असताना तारेला धरून बसतो. वरून चकाकतोसुद्धा. सेट तापला की सोडतो. त्या पोरीची साखर उतरली तेव्हा सेट तापला, बाबा. तू सहा वर्षं या फळीवर सेट चढवलेस आणि उतरवलेस, पण ती फक्त रेडिओसाठी आहे असं समजलास. चूक माझीही आहे. मी कधी तोंडानं सांगितलं नाही.”

शिष्याने मान खाली घातली. मास्तरांचा स्वर थोडा मऊ झाला.

“आता नीट ऐक. ‘मला माहीत नाही’ आणि ‘मी चुकलो’ या दोन बोलांना फळी लागत नाही. ते तयार झाले की लगेच बाहेर काढायचे. त्यांना उशीर केलास तर या दुकानाची पायरी चढू नकोस.”

“आणि ‘करू का’ याचं उत्तर?”

“ते तुझ्याकडे नाही, माझ्याकडेही नाही. ज्या डॉक्टरांनी यंत्र लावलं त्यांच्याकडे आहे. आधी फोनवरून त्या माणसाला तेवढंच कळव, मग स्वतःच्या पायांनी तिकडे जा.”

शिष्याने तिथेच, कांडीच्या धुरात, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ केला. त्यात तो म्हणाला, “पंधरा दिवसांपूर्वी मी साखर मोजणाऱ्या यंत्राचं अपडेट करू नका म्हणून सांगितलं. मी ते यंत्र पाहिलेलं नव्हतं, बातमीही पूर्ण वाचली नव्हती. मी चुकलो. ज्यांच्या घरी हे यंत्र आहे त्यांनी आत्ताच आपल्या डॉक्टरांना फोन करा आणि आपला अलार्म वाजतो का ते तपासून घ्या. माझं ऐकू नका.” बोलताना तो दोनदा अडखळला. एरवी असा व्हिडिओ त्याने दहा वेळा नव्याने केला असता, आज तसाच टाकला. मग त्याने शेलारांना लिहिले: ‘डॉक्टरांना विचारा. ते सांगतील तसं करा. मी येतोय.’

दवाखान्याच्या व्हरांड्यात उत्तम शेलार बाकावर बसले होते. रात्रभरच्या जागरणाने डोळे तांबारलेले, फोन मुठीत घट्ट धरलेला. हा माणूस आता उठेल आणि आपल्या कानाखाली वाजवेल, असे त्याला वाटत होते, आणि खरे तर त्याला तेच हवे होते. शेलारांनी वर पाहिले, बाजूला सरकून बाकावर जागा केली आणि म्हणाले, “या दादा. यंत्र लावलेल्या डॉक्टरबाई इथेच आहेत, राउंडला गेल्यात. करू ना ते?”

“मला माहीत नाही, शेलारभाऊ. बाई सांगतील. आणि मला तेव्हाही माहीत नव्हतं.”

शेलारांनी त्याच्याकडे पाहिले. त्यांच्या नजरेत राग नव्हता. काहीतरी समजून घेण्याची धडपड होती आणि ते काही केल्या समजत नव्हते.

“मग सांगितलं कशाला?”

शेजारच्या खोलीत कुणाचे मूल रडत होते. दोघे एकाच बाकावर डॉक्टरबाईंची वाट पाहत बसून राहिले, आणि तितका लांब वेळ आपल्या आयुष्यात दुसरा गेला नाही असे शिष्याने पुढे मला सांगितले.

डॉक्टरबाई आल्या. त्यांनी फोन हातात घेतला, यंत्र पाहिले, फोन कुठला आहे ते पाहिले आणि मगच अपडेट केले. “नुसतं अपडेट झालं म्हणून विश्वास ठेवायचा नाही,” त्या म्हणाल्या. “वाजवून बघू.” ज्या आकड्याखाली अलार्म वाजतो तो धोक्याचा आकडा त्यांनी शर्वरीच्या तेव्हाच्या साखरेहूनही थोडा वेळ वर चढवून ठेवला, फोन शेलारांच्या हातात दिला, आणि तिघे शर्वरीच्या खाटेजवळ उभे राहिले. ती डोळे मिटून पडली होती. एक मिनिट गेले. दोन गेली. फोन गप्प. शिष्याच्या कपाळावर घाम आला, शेलारांचे ओठ हलत होते. चौथ्या की पाचव्या मिनिटाला फोन असा काही किंचाळला की दारातली नर्स धावत आली आणि रागावली, “अहो, पेशंट झोपलेत!”

आणि खाटेवरून, कालपासून पहिल्यांदा, एक कंटाळलेला, झोपाळलेला आवाज आला, “बाबा, ते बंद करा ना.”

शेलारांनी ते लगेच बंद केले नाही. डोळ्यांतून पाणी वाहत असताना ते फोन हातात धरून उभे राहिले, आणि नर्स शर्वरीची नाडी पाहायला पुढे झाली.

शर्वरी चार दिवसांनी घरी गेली. शिष्याचे दुकान चालू आहे आणि चॅनेलही चालू आहे, पण नाव बदलले आहे. आता बातमी आली की तो वस्तू आणतो, वापरतो, तापू देतो, आणि लोकांनी फार घाई केली तर म्हणतो, “अजून फळीवर आहे.” तीस हजारांतली पुष्कळ माणसे पांगली. त्यांना तासाभरात निकाल देणारे दुसरे कुणीतरी सापडले असणार. त्याच्या कॅमेऱ्याच्या मागच्या भिंतीवर, बोलताना त्याला समोर दिसेल अशा ठिकाणी, शेलारांचे तीन शब्द लिहिलेले आहेत. मास्तर एकदा तिथे गेले, त्यांनी ते वाचले, मान हलवली आणि कुणाचा तरी बिघडलेला चार्जर उघडून बसले.

माझ्याही फोनवर रोज एखादी बातमी येते आणि चारचौघांना काहीतरी ठणकावून सांगायला बोटे शिवशिवतात. आता मी ‘मग सांगितलं कशाला?’ हे स्वतःला आधीच विचारून घेतो, म्हणजे दवाखान्याच्या बाकावर बसून ते मला दुसऱ्या कुणी विचारू नये.