बुंदीचं पाणी

“पण ज्या मांजराला काही झालेलंच नाही, त्याचं रक्त काढायचं कशाला, बाई?”

डॉक्टर रेहाना मुकादम यांनी हात पुसले. मग त्या खुर्चीत बसल्या.

रत्नागिरीत सगळे त्यांना बाईच म्हणत. जनावरांवर उपचार करण्यात त्यांचा जन्म गेला होता. प्रश्न विचारणारा श्रीरंग टेमकर, पशुवैद्यक महाविद्यालयातून सुवर्णपदक घेऊन त्यांच्या हाताखाली शिकायला आलेला. शस्त्रक्रियेत त्याचा हात देखणा होता, आणि ते त्याला ठाऊक होतं.

टेबलावर बुंदी होती. म्हातारी, पिवळसर मांजरी. शेजारी मलुष्टे सर उभे. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. बायको गेल्यापासून घरात ते आणि बुंदी, एवढेच. तपासणीला ते तिला दर वर्षी न चुकता आणत.

श्रीरंगनं नुकतीच छाती ऐकली होती, दात पाहिले होते, ताप पाहिला होता.

“ठणठणीत आहे. कशाला आणलंत एवढ्या उन्हात?”

मलुष्टे सर खूश झाले. “खाते जरा बेतानं, पण पाणी काय छान पिते हल्ली! पूर्वी वाटीला तोंड लावायची नाही. आता बादलीच्या काठावर चढून पिते.”

“उन्हाळाच आहे ना,” श्रीरंग हसला. “न्या घरी.”

“बसा, सर,” बाई म्हणाल्या. “चहा घेऊ.”

त्यांनी बुंदीला अलगद खाली सोडलं. भिंतीशी पाण्याचं भांडं ठेवलं.

चहा आला.

बुंदीनं खोली हुंगली. भांड्यापाशी गेली. वाकली.

प्यायली... पीत राहिली... मान वर केली, श्वास घेतला, आणि पुन्हा वाकली.

मलुष्टे सर कौतुकानं बघत होते. श्रीरंगनं कप खाली ठेवला.

बाईंनी बुंदीला उचलून टेबलावर घेतलं. श्रीरंगचा हात धरला आणि तिच्या पोटाशी, बरगड्यांच्या मागे ठेवला.

“घाई करू नकोस.”

बोटं हळूहळू आत गेली. बुंदीनं हरकत घेतली नाही.

“काय लागतंय?”

“मूत्रपिंड... लहान आहे. टणक. सुपारीसारखं.”

“आणि दुसरं?”

त्यानं बोटं दुसऱ्या बाजूला नेली.

“तेही.”

“आता रक्त काढू?”

श्रीरंगनं मान खाली घातली आणि सुई तयार केली. लघवीही तपासायला घेतली, रक्तदाब पाहिला.

बाईंचा अंदाज खरा ठरला. मूत्रपिंडं थकत चालली होती, म्हणूनच ती एवढं पाणी पीत होती. बाईंनी ते सरांना सरळ सांगितलं. झालेली झीज भरून येणार नाही, पण पुढची लांबवता येईल. आत्ता कळलं, हे फार बरं झालं.

मलुष्टे सरांनी बुंदीला जवळ घेतलं.

“मी कौतुक करत होतो, बाई. पाणी पिते म्हणून... मीच...”

“मांजर दुखणं दाखवत नाही, सर. झाकून ठेवतं. तुम्ही जे दिसलं ते येऊन सांगितलंत. त्यावरूनच कळलं.”

“जगेल ना?”

“तिला वेगळं खाणं देऊ. पाणी कधी तोडायचं नाही, भांडी घरभर ठेवा. आणि आता वर्षाची वाट बघायची नाही. थोड्या थोड्या महिन्यांनी आणायची.”

सरांनी आणली. रिक्षा मिळाली नाही, तर टोपली उराशी धरून चालत आणली. पुढचा आंब्याचा मोसम आला आणि गेला. बुंदी थोडी हडकली, पण सर चित्र काढायला बसले की अजूनही बरोब्बर कागदावर येऊन झोपायची.

श्रीरंग बदलला. म्हातारं मांजर आलं की आधी मालकाला बसायला सांगायचा, आणि मग ऐकत राहायचा. पण त्या दिवसाचं कोडं त्याला सुटलं नव्हतं. छाती त्यानं ऐकली होती, दात त्यानं पाहिले होते. बाई तर नुसत्या बसून होत्या.

एका सकाळी बुंदी तपासणीला आली. रक्तातले आकडे मागच्याइतकेच होते, वाढले नव्हते. मलुष्टे सर रुमालानं डोळे टिपत बाहेर गेले. बुंदी खिडकीतल्या उन्हात आडवी झाली, आणि बाई तिच्याकडे बघत बसल्या.

श्रीरंग जवळ आला.

“बाई, एक विचारू? एवढं तपासूनही मला तो आजार दिसला नाही. तुम्हाला तो नेमका कधी दिसला?”

बाई बुंदीवरून नजर न काढता म्हणाल्या,

“आजार कुणाला दिसला, बाबा? मी मांजर बघत होते.”