दोन गणपतींचं गाव

आमदार धैर्यशीलरावांनी पक्ष सोडला, तेव्हा कोंढारवाडी दुभंगली. निम्मे त्यांच्यामागे गेले, निम्मे जुन्या झेंड्याखाली राहिले. काठ्या निघाल्या, गावात दोन गणपती बसू लागले. यंदा आमदारसाहेब वाजतगाजत जुन्या पक्षात परतले आणि लगेच गावाला उपदेश करायला आले.

"एका गावात दोन गणपती? लाज नाही वाटत? भांडणं मिटवा!"

गर्दीतून सखूबाई कोळपे उठली. तिचे दोन मुलगे दोन गटांत होते.

"मिटवतो की, साहेब. तुम्ही परत गेलात, जुन्या पक्षवाल्यांनी उठून तुम्हाला हार घातला. उद्या माझा थोरला धाकट्याच्या दारात जाईल. पण धाकटा हार घालायला उठेल कसा? थोरल्यानं त्याचा पाय मोडलाय, तुमच्या नावाची घोषणा देत."