कान्हूची तहान

दोन राजपुत्र गादीसाठी भांडले आणि डोंगरातल्या एका गावाचेही दोन तट पडले. शेजाऱ्याने शेजाऱ्याला कापले. पुढे राजपुत्रांनी एकमेकांना मिठी मारली, मेजवान्या झोडल्या. गावात मेलेले मात्र मेलेच.

या गावच्या पाटलाची लेक सुंद्रा एका सकाळी पुरुषी आवाजात बोलू लागली. "मी ठकूबाईचा कान्हू. पाणी द्या." पाणी दिले की थुंकून टाकी. घोटभरही पोटात जाईना.

लखमा भगताला बोलावले. तिच्याकडे पाहून तो म्हणाला, "ह्यो अंगाऱ्यानं जायचा न्हाई. ज्यानं मारलं त्यानं गावासमोर 'मी मारलं' म्हणायचं आणि आपल्या हातानं पाणी पाजायचं. आपली रीतच हाय ती."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. जखमी कान्हू विहिरीवर पाणी मागत आला होता आणि पाटलाने त्याला तिथेच भाल्याने भोसकले होते. गावात हे कोणाला ठाऊक नव्हते?

"बोकड देतो. दोन देतो," पाटील भगताच्या कानाशी लागला. "तेवढं म्हणायला लावू नगंस."

कान्हूची आई ठकूबाई पुढे आली. "पाटील, माझं पोर आता येत न्हाई. तुमचं तरी जाऊ देऊ नका. म्हणा की एकदा."

पाटलाने आवाज चढवला. "लढाईत मानसं मरतातच. मी कुनाला मारलं न्हाई."

गावाने लगेच माना डोलावल्या. डोलावणारच! आज पाटील बोलला असता, तर उद्या प्रत्येकाला बोलावे लागले असते.

बोकड कापले. भगत आणि ठकूबाई सोडून सगळे पोटभर जेवले. सुंद्रा तहानेने तडफडून गेली. त्या पोरीने कोणाचे काय वाईट केले होते?

तिच्या चितेपाशी पाटील ऊर बडवून ओरडला, "मी मारलं! कान्हूला मीच मारलं!" त्याच्या हातात पाण्याचा तांब्या होता. लखमाने तो काढून घेतला.

"पाटील, आता कोन पिणार?"

आठवडा उलटला नाही तोच दुसऱ्या घरची सून पुरुषी आवाजात पाणी मागू लागली. घरच्यांनी घाईघाईने बोकड बघायला माणूस धाडला.

तात्पर्य: आपल्या हातून झालेले पाप वेळेवर चारचौघांत कबूल केले नाही, तर ते आपल्या लेकरांना फेडावे लागते, बोकड कापून ते फिटत नाही.