धडधाकट हाताची पट्टी

एकदा घाटाखालच्या एका गावी एक वृद्ध वैद्य राहत असत. वयोमानाने त्यांची बोटे बधिर झाली होती, म्हणून नाडी पाहण्याचे काम त्यांनी आपल्या दोन शिष्यांवर सोपवले होते. थोरला शिष्य दूरच्या नगरात शिकून आलेला, गोरा, बोलका. माणसामाणसांत भेद नसावा, या विषयावर तो पानातला भात थंड होईपर्यंत बोलू शके. गावाने त्याचे नावच पंडित पाडले होते.

धाकटा सुब्राय सिद्दी होता. त्याच्या पूर्वजांना कुणीतरी कधीकाळी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले होते. त्यानंतरच्या कित्येक पिढ्या इथल्याच रानात जन्मल्या आणि इथेच मातीला मिळाल्या. तरीही त्याचा काळाभोर वर्ण आणि कुरळे केस पाहून बाजारात कुणी ना कुणी विचारीच, "एवढी चांगली मराठी कुठं शिकलास रे?"

"आईकडं," सुब्राय हसून म्हणे. "तुम्ही?"

दसऱ्याला वैद्य ज्याला अनुज्ञा देत, तो शिष्य स्वतंत्रपणे रोगी पाहू लागे. सुब्रायचे सारे लक्ष त्या दिवसाकडे लागले होते. त्याच्या पाड्यावर वैद्य नव्हता. तापाने फणफणलेले माणूस घाट उतरवून आणेपर्यंत पुष्कळदा वाटेतच जाई.

पण पडवीत रोज एकच गोष्ट घडे. सुब्रायने हात पुढे केला की समोरचा रोगी किंचित घुटमळे. थोरल्याला ते क्षणात कळे. मित्राचा अपमान होऊ नये म्हणून तो झटकन पुढे सरके, "द्या, मीच पाहतो," म्हणे आणि काढ्याच्या पुडीबरोबर समतेवर चार शब्दही देई. "खरं आहे हो पंडित," म्हणत लोक मान डोलवीत. पुढच्या खेपेला पुन्हा त्याच्याच समोर येऊन बसत.

दसरा जवळ आला तेव्हा वैद्य म्हणाले, "सुब्रायला यंदा अनुज्ञा देता येणार नाही. त्यानं पुरेशा नाड्याच पाहिलेल्या नाहीत."

थोरला उसळला. "गुरुजी, हा अन्याय आहे!"

"आहे," वैद्य म्हणाले. "उजवा हात पुढे कर."

त्यांनी एक लांब पट्टी घेऊन त्याचा धडधाकट हात कोपरापर्यंत करकचून बांधला आणि गळ्यात अडकवला.

"दसऱ्यापर्यंत सोडायची नाही."

"पण हाताला काहीच झालेलं नाही! लोकांना काय सांगू?"

"गुरुजींचं डोकं फिरलंय म्हणून सांग," वैद्य म्हणाले आणि मागच्या दारी औषध कुटायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपारीचे व्यापारी असलेले शेठ छातीत धडधडते म्हणून आले. सुब्रायने हात पुसून पुढे केला. शेठनी आपला हात उपरण्यात घेतला.

"पंडितांना बोलाव."

"त्यांचा हात बांधलाय, शेठ. मी बघतो ना."

"तसं काही नाही रे... तुला कशाला उगाच त्रास? मी थांबतो."

"किती थांबाल? दसऱ्यापर्यंत?"

सुब्रायचा हात तसाच पुढे होता. थोरल्याच्या बांधलेल्या बोटांची नुसती तगमग चालली होती. पुढे होता येत नव्हते, म्हणून आयुष्यात प्रथमच त्याला ते बसून पाहावे लागले. शेठची नजर सुब्रायच्या बोटांवर गेली, तिथून नखांवर, आणि मग त्याला वगळून थेट पट्टीकडे आली. मागे एका बाईने आपले मूल जवळ ओढले. कुणीतरी खाकरले. सुब्राय हसतच होता. या हसण्याला थोरला आजवर स्वभावाचा गोडवा समजत आला होता. आज त्याला त्या हसण्याखाली घट्ट आवळलेले दात दिसले.

त्याला राहवेना. "अहो शेठ, माणसामाणसांत..."

"गप रे पंडित!" सुब्राय म्हणाला. "तुझं प्रवचन संपलं की हे मान डोलावणार आणि हात तुझ्याकडंच करणार."

पडवीत खसखस पिकली. शेठ उठले, "उद्या येतो," म्हणाले आणि चालते झाले. मग बराच वेळ कुणी पुढे येईना. शेवटी एक म्हातारी वैतागून सरकली. "बघ रे बाबा. मला दुपारच्या आत घरी पोचायचंय." सुब्रायने तिच्या मनगटावर बोटे टेकली.

दुपारी थोरला तणतणत मागच्या दारी गेला. "दोष गावाचा, आणि हात माझा बांधता?"

वैद्यांनी बत्ता खाली ठेवला. "शेठनं हात मागं घेतला, तो त्याचा दोष. त्याच्याशी मी बोलेन. पण इतकी वर्षं आपण हात मागं घेतो, हे त्याचं त्यालाही कळलं नाही, कारण त्याआधीच तुझा हात पुढे आलेला असे. त्याला लाज वाटण्याइतकाही वेळ तू मिळू दिला नाहीस. जी नाडी सुब्रायच्या बोटांखाली यायची, ती रोज तुझ्या बोटांखाली गेली. तुझी विद्या वाढली, त्याचं वर्ष गेलं, आणि वर दयाळू ठरलास तू."

"मग मी करायचं तरी काय?"

"हे मला का विचारतोस?" वैद्य त्रासून म्हणाले आणि पुन्हा कुटू लागले.

सुब्राय विहिरीपाशी हात धूत होता. थोरला त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"तुला माझा राग येत होता?"

"येत होता की. रोज."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलायचा कधी थांबलास?"

थोरला हळूच म्हणाला, "मी काय करू?"

सुब्रायने क्षणभर त्याच्याकडे पाहिले. "उद्या शेठ येतील. माझ्या शेजारी बस. त्यांनी तुझ्याकडं पाहिलं तर तू माझ्याकडं बघ. बाकी काही नको."

शेठ आले. त्यांनी सवयीने थोरल्याकडे पाहिले. थोरल्याने सुब्रायकडे पाहिले. तोंडापर्यंत आलेले सगळे शब्द त्याने गिळले, आणि ते काम त्याला एखाद्या व्याख्यानापेक्षा जड गेले. पडवी थांबून राहिली. अखेर शेठनी कपाळाला आठ्या घालूनच बाही वर सरकवली.

सुब्रायने नाडी पाहायला पुष्कळ वेळ घेतला. कुणीही त्याला घाई केली नाही.

आपण एखाद्याचा अपमान टाळतो आहोत की त्याची जागा घेतो आहोत, हे त्यालाच विचारावे लागते. आणि विचारल्यावर उत्तर येईपर्यंत गप्प राहावे लागते.