मोकळ्या जागेचा ठसा

मुलांनो, एक रान डोळ्यांसमोर आणा. झाडं तुम्हाला हवी ती लावा. साग, ऐन, मोह, काहीही चालेल. मधून एक नदी न्या आणि उन्हाळ्यात ती आटवून टाका, फक्त एका वळणावर खोल डोह राहू द्या. डोहाजवळ एक सपाट मैदान ठेवा. आता राहिला राजा. राजा कोण, ते मात्र तुम्ही ठरवायचं नाही. ते तिथल्या प्राण्यांनीही ठरवलं नव्हतं. त्यांनीच ठरवलं आहे असं त्यांना दर पाच वर्षांनी कळवण्यात येत असे.

राजा होता तरस. नाव तरसाजीराव. तरस तुम्ही चित्रात पाहिला असेल. शिकार दुसरा करतो, धाप दुसऱ्याला लागते, आणि सगळं आटोपत आल्यावर तरस येऊन शेवटचं हाड फोडतो. मग ते हाड तोंडात धरून तो चारचौघांत हिंडतो, म्हणजे शिकार कोणी केली याबद्दल कोणाच्या मनात शंका राहू नये.

नदीच्या पलीकडेही एक रान होतं. रानं दोन आणि डोह एक. म्हणून जुन्या प्राण्यांनी रीत घालून दिली होती की होळीच्या दिवशी दोन्ही रानांनी फुटबॉलचा एक सामना खेळायचा. जो जिंकेल त्याचा डोह, थेट मृगापर्यंत. हरलेल्यांनी नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरायची आणि झिरपेल तेवढं पाणी प्यायचं.

आणखी एक लहानशी रीत होती. मैदानाच्या कडेला ओल्या मातीची दरड होती. गोल करणाऱ्याने धावत जाऊन तिच्यावर आपल्या पायाचा ठसा उमटवायचा. नुसती हौस. त्याने कोणाच्या पोटात घोटभर पाणी जास्त जात नसे.

अलीकडचं रान सलग चार वर्षं जिंकलं होतं. दरडीवर एकवीस ठसे होते, त्यांतले सतरा छबीराव मुंगसाचे. छबीराव चपळ होता, हे मान्य करायला हवं. समोर मोकळी जागा मिळाली की तो चेंडू खुंटांच्या मधून असा सोडायचा की पलीकडच्या गोलरक्षकाला वारा तेवढा लागे. गोल झाल्यावर तो उजवीकडून बघितलं तर कसा दिसतो, हे डावीकडे बसलेल्यांनाही दिसावं म्हणून दोनदा गिरकी घ्यायचा.

त्याच्या शेजारी, आघाडीलाच, धुरपा रानम्हैस खेळायची. चार वर्षांत तिच्या नावावर एक गोल होता. तोही चेंडू तिच्या पुठ्ठ्याला आपटून झाला होता आणि त्या वेळी तिचं तोंड दुसरीकडे होतं. पुठ्ठ्याचा ठसा घ्यायची रीत नसल्यामुळे दरडीवर तिचं काहीच नव्हतं.

आता नीट बघा हं, कारण बहुतेक मोठी माणसं इथे चेंडूकडेच बघत बसतात. पलीकडच्या संघात दोन रानडुकरं बचावाला होती, एक थोरला आणि एक धाकटा. दोघांचे सुळे हातभर. धुरपा डावीकडे धावली की दोघं डावीकडे धावत, कारण एवढं धूड एकट्याला आवरणारं नव्हतं. ती मागे आली की ते मागे येत. चेंडू तिच्याकडे आला की ती खुंटांकडे पाठ करून उभी राहायची, दोन्ही डुकरांचे धक्के बरगडीवर घ्यायची आणि तेवढ्यात छबीराव येऊन पोहोचला की चेंडू हळूच त्याच्यापुढे सारायची. डुकरं जिथून हललेली असत तिथे मैदान मोकळं पडलेलं असे. छबीराव त्या मोकळ्या जागेत शिरायचा. मग गोल, गिरकी, ठसा.

चौथ्या वर्षीचा सामना संपल्यावर धुरपा डोहात बसली आणि तिची सहा महिन्यांची वगार, रंगी, तिच्या बरगड्यांवरचे ओरखडे मोजू लागली.

"आई, आज अकरा."

"मागल्या खेपेला चौदा होते. थोरला म्हातारा झाला वाटतं."

पाचव्या वर्षी होळीच्या आधी दोन महिने तरसाजीरावांना दरड दिसली. म्हणजे दरड तिथेच होती. पण राजाला एखादी गोष्ट दिसली की ती त्या दिवशी जन्माला येते. त्यांनी ठसे मोजायला लावले आणि सभा बोलावली.

"माझ्या रानबंधूंनो आणि रानभगिनींनो!" महाराज म्हणाले. "आजवर डोहावर काय चालत होतं? कोणीही यायचं आणि प्यायचं! कर्तबगार आणि आळशी एकाच पाण्याला तोंड लावत होते! आजवरच्या राजांनी तुम्हाला नुसतं पाणी दिलं. मी तुम्हाला रांग देतो! ज्याचा ठसा..."

"त्याचा घसा!" दरबाराची प्रवक्ती टिटवी ओरडली. ही घोषणा तिला आदल्या दिवशीच सुचली होती.

"ज्याचा ठसा, त्याचा घसा!" सगळे ओरडले. ज्यांचा ठसा नव्हता ते जास्त जोरात ओरडले, म्हणजे ते कोणाच्या लक्षात येऊ नये.

फर्मान असं निघालं: ज्याचे जितके ठसे, त्याचा डोहावर तितका आधी नंबर. ज्याचा एकही नाही त्याने शेवटी यावं. आणि संघात तोच खेळेल ज्याचा ठसा आहे किंवा ज्याने गोल करण्याची लेखी हमी दिली आहे.

संघाला शिकवणारे साळिंदर मास्तर उठले. मास्तर म्हातारे होते आणि खरं बोलताना त्यांचे काटे आपोआप उभे राहत, त्यामुळे दरबारात त्यांना शेजारी कोणी नसे.

"महाराज, धुरपाला काढू नका. ती दोन डुकरं तिच्या मागे जातात, म्हणून छबीरावांना मोकळी जागा मिळते."

महाराज हसले. तरसाचं हसणं तुम्हाला ठाऊक असेल. "मास्तर, मोकळ्या जागेचा ठसा दाखवा बरं."

"मोकळ्या जागेचा ठसा कसा असेल महाराज?"

"मग ती आहे हे तुम्ही कशावरून म्हणता?"

सभा खो खो हसली. छबीराव म्हणाला, "मास्तर, धुरपाबाईंचा आम्हाला आदरच आहे. पण खरं सांगू का, पुष्कळदा त्या मधेच असतात. त्या नसत्या तर माझे तीस ठसे झाले असते."

"अरे, ती नसती तर तुझे तीन झाले असते!" मास्तर म्हणाले.

मास्तरांना त्याच दिवशी विश्रांती देण्यात आली. धुरपालाही काढलं, पण सरकार दयाळू होतं, म्हणून तिला काम दिलं. पुढे ठसे खूप होणार, तेव्हा दरडीची माती पायांनी तुडवून मऊ ठेवायची.

रांग लागू झाली. पहिल्याच आठवड्यात धुरपा आणि रंगी डोहावर पोहोचायच्या तेव्हा काठाचं पाणी ढवळून गाळ झालेला असायचा. रंगी गाळ चाटून घरी यायची आणि रात्रभर खोकायची.

"आई, तू एक ठसा का उमटवला नाहीस गं? एकच?"

"माझं ते काम नव्हतं."

"तुझं काम काय होतं?"

धुरपाने बराच विचार केला. "मी तिथे नसले की कळेल," ती म्हणाली.

फर्मान इतकं लोकप्रिय झालं की ते सगळीकडे लावण्यात आलं. सुगरणींमध्ये शेवटची काडी जी खोवेल तिचं घरटं, असं ठरलं. त्यामुळे पहिली काडी कोणी आणेना. शंभर सुगरणी शेवटची काडी चोचीत धरून रिकाम्या फांदीभोवती घिरट्या घालू लागल्या. रानकोंबड्यांमध्ये अंडं फुटेल त्या क्षणी जी त्याच्यावर बसलेली असेल ती आई, असं ठरलं. वीस दिवस अंडी थंडगार पडून राहत आणि एकविसाव्या दिवशी एकेका अंड्यावर सात सात कोंबड्या बसत. त्या साली पिल्लं झाली नाहीत. पण मातांची संख्या सातपट झाली, आणि टिटवीने तेवढंच जाहीर केलं.

होळी आली. अलीकडच्या संघात अकराही गोल करणारे होते. सगळ्यांनी हमी दिली होती. पंच बगळ्याने शिट्टी वाजवली आणि अकराच्या अकरा जण पलीकडच्या खुंटांसमोर जाऊन उभे राहिले. गोलरक्षक घोरपडही गेली. तिलाही घसा होता.

पलीकडची दोन्ही डुकरं आधी गोंधळली.

"ती काळी कुठंय?" धाकटा म्हणाला.

"दिसत नाही. लपवून ठेवली असेल, शेवटी काढतील. तू हलू नकोस."

म्हणून ती हलली नाहीत. खुंटांसमोर गच्च उभी राहिली. छबीराव डावीकडून आला, थोरल्यावर आपटला. उजवीकडून आला, धाकट्यावर आपटला. कोणी त्याला चेंडू सारेना, कारण सारणाऱ्याचा ठसा उमटत नाही. अर्धा तास झाला. दरडीवर नवा ठसा नाही. तिच्याजवळ महाराज घोषणा तोंडात तयार ठेवून बसले होते आणि त्यांचा जबडा दुखू लागला होता.

मग छबीरावाने मागे वळून पाहिलं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला दोन खुंट होते. त्यांच्यापुढे कोणीही नव्हतं. एवढी मोकळी जागा त्याने जन्मात पाहिली नव्हती. ते खुंट त्याच्याच संघाचे होते, पण फर्मानात तसं काही लिहिलेलं नव्हतं.

तो धावत गेला आणि चेंडू आपल्याच खुंटांतून सोडला. गिरकी घेतली आणि दरडीवर पाय दाबला.

बगळ्याने एक पाय वर घेतला आणि महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी ठशाकडे पाहिलं. ठसा ओला होता, स्पष्ट होता, पाचही बोटं आली होती.

"गोल!" महाराज म्हणाले.

"गोssल!" टिटवी ओरडली.

ते पाहून उरलेले दहाही जण मागे वळले. मुलांनो, त्यानंतर जे झालं ते सांगताना मला घाई करून चालणार नाही. अलीकडच्या संघाने आपल्याच खुंटांवर असा हल्ला चढवला, असा हल्ला चढवला, की तसा त्यांनी शत्रूवर कधी चढवला नव्हता. घोरपडीने सरपटत तीन केले. एका काळविटाने चेंडू चुकला म्हणून स्वतःच आत उडी मारली. तोही गोल धरण्यात आला. पलीकडचा संघ झाडाखाली जाऊन बसला.

"दादा, आपलं इथं काही काम आहे का?" धाकट्या डुकराने विचारलं.

"टाळ्या वाजव," थोरला म्हणाला. "पाहुण्यांच्या आनंदात सामील व्हावं."

तेवीस गोल झाले. रीतीप्रमाणे ते पलीकडच्यांच्या नावावर गेले आणि डोहही गेला. पण दरडीवर एका दिवसात तेवीस ठसे उमटले होते. असं रानाच्या इतिहासात कधी झालं नव्हतं, असं महाराज म्हणाले, आणि हे त्यांचं एकच वाक्य पूर्ण खरं होतं. छबीरावाची मिरवणूक निघाली.

उन्हाळा चढला. अलीकडचे प्राणी नदीच्या पात्रात वाळू उकरू लागले. तिथेही रांग ठशांप्रमाणेच होती. मात्र खड्डा खणण्याची रांग उलटी होती. ज्यांचा ठसा नव्हता ते सकाळी खणत आणि ज्यांचे ठसे होते ते दुपारी पीत. पाणी कमी पडतं अशी कुरकुर झाली तेव्हा टिटवीने सांगितलं की तहान ही पलीकडच्यांनी पसरवलेली अफवा आहे.

वैशाखात रंगीचे पाय लटपटू लागले. तिची जीभ काळी पडली होती. विजयाला दोन महिने झाले म्हणून त्या दिवशी मैदानावर सोहळा होता आणि धुरपा दरडीशी माती तुडवत होती.

"आई, आपण जिंकलो ना?"

"म्हणतात तसं."

"मग पाणी त्यांच्याकडे कसं?"

"ते महाराजांना विचारायचं असतं."

"तू विचारलंस?"

धुरपा माती तुडवत राहिली. रंगी थोडा वेळ आईच्या पायांकडे बघत राहिली. मग ती वळली आणि भर उन्हात नदीच्या पात्रात उतरली. तापलेल्या वाळूत दोनदा पडली, दोनदा उठली. डोहाच्या काठावर दोन्ही रानडुकरं लोळत होती.

"कोणाची गं तू?" थोरल्याने विचारलं.

"धुरपाची."

दोघंही उठून उभी राहिली. धाकट्याने अंगावरचा चिखलसुद्धा झटकला.

"कुठं आहे ती? होळीला आम्ही शेवटपर्यंत तिची वाट बघत होतो!"

"तिला काढलं. तिचा ठसा नाही म्हणून."

थोरला डुक्कर खाली बसला. त्याने आपला डावा खांदा रंगीला दाखवला. तो एका बाजूला झुकलेला होता. "हा बघ ठसा," तो म्हणाला. "चार वर्षं मी तुझ्या आईमागे धावलोय. रात्री झोपेतही धावायचो, तेव्हा बायको मला हलवून सांगायची, थांबा, म्हैस गेली. आणि तिला काढलं? तो मुंगूस ठेवला आणि तिला काढलं?" त्याला हसावं की रडावं कळेना. "आधी पाणी पी बाई तू. मग जा आणि आईला घेऊन ये. आणि तुमच्याकडे असे बिनठशाचे आणखी कोणी असतील तर त्यांनाही आण. आम्हाला तसलेच लागतात."

रंगी पोट टम्म होईपर्यंत प्यायली. मग परत गेली. मैदानावर महाराजांचं भाषण चालू होतं. ती सभेच्या मधून चालत दरडीपाशी आली आणि तिने आईच्या बरगडीला डोकं लावलं. तिच्या तोंडावरून अजून पाणी गळत होतं.

"आई, चल."

"माती अर्धी तुडवायची राहिली आहे."

"राहू दे."

धुरपाने त्या ओल्या तोंडाकडे पाहिलं. मग मातीतून पाय काढले आणि दोघी नदीकडे निघाल्या. कोणी अडवलं नाही. ठसा नसलेल्यांकडे बघायची सवय सुटली होती.

त्याच संध्याकाळी टिटवीने जाहीर केलं, "महाराजांच्या धोरणाचं यश! राज्यातल्या तहानलेल्यांची संख्या एका दिवसात दोनने घटली!"

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगी पुन्हा आली आणि साळिंदर मास्तरांना नि सशिणीच्या चार पोरांना घेऊन गेली. संध्याकाळी आकडा आणखी पाचने घटला, आणि त्याबद्दल महाराजांनी स्वतःचा सत्कार करवून घेतला.