रुमालाखालचा भाव

फार फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची म्हणाल, तर तेव्हा डोंगर अजून वयात यायचे होते आणि बैल बोलायचे. हसू नका. खरंच बोलायचे. पण त्यांचं मत कुणी विचारतच नसे, म्हणून बिचारे रवंथ करत गप्प बसायचे. एवढं ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तर एका पठारावर एक गाव होतं. सगळा खडक. कावळ्याने दाणा टिपायला चोच मारली, तर दाणा मिळायचा नाही आणि चोच वाकडी होऊन यायची. तिथे पिकायचं काहीच नाही. पण बैल! असे धिप्पाड बैल त्या गावात तयार व्हायचे की शिंगापासून शेपटीपर्यंत नजर फिरवताना माणसाला मध्ये विसावा घ्यावा लागे. गावकरी ते बैल आठवडी बाजारात उभे करायचे आणि डोंगरापलीकडचे व्यापारी बदल्यात ज्वारीची पोती द्यायचे. बाजार भरला तर चूल पेटायची. नाही भरला तर चुलीत मांजर झोपायचं.

आता या बाजाराची एक रीत होती. तिथे भाव कधी तोंडाने बोलायचा नाही. दलाल आणि व्यापारी समोरासमोर बसायचे, हातांवर रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायचे. एक बोट धरलं की एक, अख्खा पंजा धरला की पाच, आणि तळव्याला गुदगुली केली की ‘चढा अजून थोडं’. वरून दोघांचे चेहरे असे, जणू हवापाण्याच्या गप्पा चालल्यात. भाव तोंडाने बोलणं म्हणजे भर पंगतीत धोतर सोडण्यासारखं. गावातलं तान्हं मूलसुद्धा रडायचं ते आकडा टाळून.

या बाजारातला सगळ्यात पटाईत दलाल म्हणजे हैबती. त्याची बोटं अशी चालायची की समोरचा व्यापारी बैलाबरोबर स्वतःचं पागोटंही देऊन जायचा.

आणि अशा या गावात एक दिवस ताप आला.

आधी नुसती बातमी आली, की शेजारच्या नगरात लोक फणफणतायत. मग आपल्याच बाजारातले तीन दलाल आडवे झाले. गावाच्या म्हाताऱ्या वैद्याने त्यांना पाहिलं, दाढी खाजवली आणि चावडीवर येऊन सांगितलं, “हा ताप हातातून हातात जातो. हाताला हात लावू नका. लागलाच, तर पंधरवडाभर घरच्यांपासून लांब राहा. राखेने हात धुवा. बाकी खुशाल जगा.”

एवढं सरळ बोलणं लोकांच्या पचनी कसं पडायचं? संध्याकाळपर्यंत गावभर बोभाटा झाला की ताप सावलीतूनही चढतो. झालं! लोक भर दुपारी, सावली पायाखाली असताना तेवढे बाहेर पडू लागले. कुणी म्हणालं, ढेकर दिला की ताप तोंडावाटे निघून जातो. दोन दिवस गावात कुणाला कुणाचं बोलणं ऐकू येईना, एवढे ढेकर! एकाने मीठ संपणार असं ऐकलं आणि घरात इतकं मीठ भरलं की त्याला निजायला मिठावरच निजावं लागलं. सकाळी उठला तो मुरलेला.

मग गावाचे दोन तट पडले. एक जीववाले. ते म्हणत, “बाजार बंद करा! जीव राहिला तर पोटाचं बघू.” दुसरे पोटवाले. ते म्हणत, “बाजार चालू ठेवा! उपाशी मेलो तर जीव कुठे ठेवणार?” भांडण घराघरांत शिरलं. सकाळी न्याहारी करून जीववाला म्हणून बाहेर पडलेला माणूस दुपारी भुकेजला की पोटवाला होऊन परत यायचा.

शेवटी बाजारपाटलाने बैठक बोलावली. बाजारपाटील म्हणजे बाजाराचा कारभारी. तोही मूळचा दलालच. तो म्हणाला, “बाजार भरेल. पण रुमाल जाड करू!”

काय टाळ्या पडल्या! सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. पुढच्या बाजारी कुणी रुमाल कडुनिंबाच्या पाण्यात बुडवून आणला, कुणी हळदीत. एकाने तर घरची गोधडी आणली. तिच्याखाली बोटं अशी हरवली की एक खोंड कोंबडीच्या भावात गेला आणि एक कोंबडी दोन गाड्या ज्वारी घेऊन गेली. ती कोंबडी पुढे फार गर्विष्ठ झाली म्हणतात. आणखी एका शहाण्याने हाताऐवजी चिमटा वापरला. व्यापाऱ्याचं बोट चिमट्यात सापडलं, तो “आई गं!” म्हणून ओरडला, आणि दलालाने तोच होकार धरला!

नुसती मजा असती तर मी पण हसलो असतो. पण त्या बाजारानंतर आणखी पाच घरांत ताप शिरला. कारण रुमाल कितीही जाड केला, तरी खाली हात तो हातच.

आता हैबतीच्या घरी चला. त्याची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती आणि त्याच दिवसांत तिला मुलगी झाली. हैबतीची पहिली नात! पण त्याच्या बायकोने, ठकूने, अंगणात कोळशाने एक रेघ ओढली होती.

“अहो, ज्या हातांनी रुमालात बोटं घालता, ते हात या रेघेच्या आत आले तर माझ्याशी गाठ आहे.”

तेव्हापासून हैबती गोठ्यात निजत होता. नात रडली की तो उठून बसायचा, आणि ती गप्प झाली की त्याला आणखीच झोप यायची नाही. अजून त्याने तिचा चेहराही नीट पाहिला नव्हता.

बाजाराच्या दिवशी सकाळी ठकू ओसरीवरून ओरडली, “कणगीचा तळ लागला हो! आज ज्वारी आली नाही तर बाळंतिणीला पेज कशाची देऊ? तिला दूध तरी कुठून यायचं?”

“आणतो की. पण आणायची म्हणजे रुमालात हात घालायला हवा.”

“मग घाला आणि राहा गोठ्यात. नातीच्या लग्नालाच या एकदम!”

“अगं, मग मी करू तरी काय?”

“मला काय विचारता? बाजारातले हुशार तुम्ही.” ठकूने रिकामं सूप भिंतीला टेकवलं. “आज कुणाचा बैल विकायचाय?”

“सगुणाआजीचा. गुलब्या.”

“कितीला देणार?”

हैबतीने सवयीने इकडेतिकडे पाहिलं, हातावर रुमाल ओढला आणि अंगणाच्या त्या टोकावरून रुमालाखाली बोटं हलवली.

ठकूने कपाळावर हात मारला. “एवढ्या लांबून मला काय दिसणार तुमची बोटं! तोंडाने सांगा. की तोंडालाही ताप आलाय?”

हैबतीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तो काहीतरी पुटपुटला.

“ऐकू येत नाही!”

“चौदा पोती!” हैबती एकदम ओरडला आणि डोळे मिटून उभा राहिला.

आभाळ कोसळलं नाही. वाकड्या चोचीचा एक कावळा तेवढा उडाला.

“बरं,” ठकू शांतपणे म्हणाली. “तेरापर्यंत उतरा. त्याखाली नको. आणि आजीला किती सांगणार?”

“दहा,” हैबती पायाच्या अंगठ्याने माती उकरत अगदी हळू म्हणाला.

“हे मात्र बरोबर ऐकू आलं हो!” असं म्हणून ठकू आत गेली.

हैबती तसाच उभा. मधल्या रेघेकडे बघत. नवराबायकोत आत्ता पूर्ण सौदा झाला होता, घासाघीस झाली होती, वर टोमणाही झाला होता. आणि हाताला हात लागला नव्हता!

तो बाजाराकडे धावतच निघाला. पोचतो तर काय, हलकल्लोळ! व्यापारी आले होते. ज्वारीच्या गाड्यांची ही लांबलचक रांग! पण सगळ्या गाड्या कोरड्या ओढ्याच्या पलीकडे थांबलेल्या. त्यांचा म्होरक्या ओरडून सांगत होता, “राम राम मंडळी! ज्वारी आणलीय, बैल हवेत. पण हात देणार नाही. आमच्याही घरी लेकरं आहेत.”

“हाताशिवाय सौदा?” बाजारपाटील गरजला. “मग आल्या वाटेने जा!”

जीववाले ओरडले, “जाऊ द्या त्यांना!” पोटवाले ओरडले, “अडवा त्यांना!” आणि हाताला हात लावू नका म्हणणारे लोकच एकमेकांची मानगूट धरून उभे राहिले. तिकडे गाड्या वळू लागल्या. चाकं करकरली. कुणीतरी रडायला लागलं.

हैबती ओढ्याकाठच्या मोठ्या खडकावर चढला. बाजारपाटलाने ते पाहिलं आणि तो धावत खडकापाशी आला. खालून दबक्या आवाजात तो म्हणाला, “हैबती, तोंड उघडू नकोस! भाव एकदा हवेत गेला की परत रुमालात येत नाही. आपण दलालांनी मग खायचं काय?”

हैबती थबकला. तेही खरंच होतं. त्याचं सगळं कसब, सगळी मिळकत त्या रुमालाखालीच तर होती. व्यापाऱ्याकडून चौदा, मालकाला दहा, आणि मधलं आपल्या घरात. समोर सगुणाआजी गुलब्याची दोरी धरून उभी होती. सगळं तिच्या कानावर पडणार होतं. गाड्या तर वळल्याच होत्या.

तेवढ्यात, खरं सांगतो, त्याला नातीचं रडणं ऐकू आलं. घर अर्ध्या कोसावर होतं, तरी ऐकू आलं. आजोबा झालेल्यांना विचारा, येतं की नाही ते.

हैबतीने छाती फुगवली आणि आरोळी ठोकली, “गुलब्या बैल! चार वर्षांचा, अंगाने निकोप! चौदा पोती!”

एका बाईने लगबगीने आपल्या पोराचे कान झाकले. पलीकडचा म्होरक्या नव्या नवरीसारखा लाजला. मग त्याने घसा खाकरला, डावीउजवीकडे पाहिलं आणि ओरडला, “बारा!”

“साडेतेरा!”

“तेरा, आणि वर गुळाची एक ढेप!”

“दिला!”

अहो, मग काय विचारता! दुसऱ्या खडकावर दुसरा चढला, तिसऱ्यावर तिसरा. “पंधरा!” “नऊ!” “अहो, शिंगं तरी बघा!” “शिंगं काय भाकरीबरोबर खायचीत?” इतकी वर्षं रुमालाखाली कोंडलेले आकडे पाखरांसारखे उडाले! जीववाला ओरडत होता, पोटवाला ओरडत होता, आणि कोण कुठल्या तटाचा ते कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. व्यापाऱ्यांनी पोती ओढ्यातल्या सपाट दगडांवर ठेवली आणि ते मागे सरले. मग गावकरी पुढे झाले. बैल तर आपले आपण ओढा ओलांडून गेले. तेवढं त्यांना येत होतं.

या सगळ्या गलक्यातून एक बारीक, धारदार आवाज आला. “हैबत्या! तेरा? मग गेल्या साली याचा भाऊ दहाला कसा गेला रे, मुडद्या?”

हैबती खडकावरून उतरला, सगुणाआजीपासून लांब उभा राहिला आणि त्याने दुरूनच हात जोडले. “आजी, चूक झाली. आजची माझी दलाली तुम्हीच तोंडाने सांगा. मोठ्याने.”

आजीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “एक पोतं. आणि तेही तुझ्यासाठी नाही, तुझ्या बाळंतिणीसाठी. गूळही ने तिला.”

आणि तेव्हा, ध्यानात ठेवायला सांगितलं होतं ना, गुलब्या बैल ओढ्याच्या मधोमध थांबला, मागे वळला आणि म्हणाला, “तेरा? नुसती तेरा? मला वाटत होतं, निदान शंभर तरी असतील!” एवढं बोलून तो मान खाली घालून चालू लागला. त्यानंतर बैल कधी बोलल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

ताप लगेच गेला, असं मी सांगणार नाही. मी गप्पा मारतो, पण एवढी मोठी थाप मारत नाही. तो पावसाळाभर राहिला. काही घरांत त्याने एकेक जागा कायमची रिकामी केली, आणि ती माणसं गावाला अजून आठवतात. पण बाजारातून तो पुन्हा कुणाच्या घरी गेला नाही, आणि कुणाच्या चुलीत मांजर झोपलं नाही. बाजारपाटलाने आपला जाड रुमाल डोक्याला बांधला. निदान ऊन लागायचं थांबलं.

वैद्याने सांगितलेले दिवस सरले, तेव्हा हैबतीने राखेने हात धुतले, पुन्हा धुतले, ठकूला दुरून दाखवले. तिने पायाने रेघ पुसली. नात त्याच्या मांडीवर आली आणि तिने त्याचं एक बोट घट्ट धरलं. आयुष्यभर बोटांची भाषा बोललेल्या त्या माणसाला ती काय भाव सांगतेय ते काही केल्या कळेना. म्हणून त्याने घासाघीस केली नाही. सगळं देऊन टाकलं.

यातून घ्यायचं ते एवढंच: जीव वाचवू की पोट, असं भांडण्याआधी माणसाने बघावं, आपण दोन्ही पणाला लावून आपली जुनी सवयच तर वाचवत नाही ना.